फ्रेंच पाठ करायला ससे आणि झुरळं: युक्त्या खरंच कामाला येतात का?

कोथरूडची_विद्यार्थिनी (धागाकर्ती):
डेल्फ बी१ ही फ्रेंचची परीक्षा तोंडावर आलीये आणि वर्गात यावरून जुंपली, म्हणून हा धागा. एकाचं म्हणणं, शब्दांना गमतीची चित्रं चिकटवून पाठ करणं म्हणजे पोरखेळ. मला तर मोठेपणी भाषा शिकायला याहून स्वस्त साधन दिसत नाही.

वेळ देऊन न येणाऱ्याने फ्रेंचमध्ये 'ससा ठेवलेला' असतो: पोझे अँ लापँ. मी डेक्कनच्या बसथांब्यावर तासभर ताटकळतेय, मैत्रिणीचा पत्ता नाही आणि बाकावर तिच्या जागी एक ससा, असं चित्र एकदाच डोळ्यांपुढे आणलं. दोन वर्षं झाली, विसरले नाही. चक्कर येऊन पडणारा माणूस सफरचंदांत पडतो (तोंबे दाँ ले पोम), आळशाच्या तळहातावर केस उगवलेला असतो. चित्र आयतंच मिळतं, आपण फक्त बघायचं.

आणि हे माझ्या मनचं नाही. १९७५ साली स्टॅनफर्डच्या अ‍ॅटकिन्सन यांनी सहकाऱ्यासोबत १२० रशियन शब्दांवर प्रयोग केला. ध्वनीसाधर्म्य आणि चित्र वापरणाऱ्यांना ७२ टक्के शब्द आले, बाकीच्यांना ४६.

लिऑंकर:
सहमत नाही. त्याच प्रयोगात सहा आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ४३ आणि २८ उरले, तेही सांगा की.

आता माझी फजिती. उदास वाटणं म्हणजे 'झुरळ असणं', आव्वार ल काफार. मीही मोठ्या हौसेने डोक्यात झुरळ बसवलं होतं. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, चेहरा का उतरलाय? मी म्हणालो, 'जे अँ काफार.' बाईंनी आधी स्वतःचे पाय वर घेतले, मग माझ्या टेबलाखाली वाकून पाहिलं. 'ल' (इंग्रजी 'द') म्हटलं तर उदासी, 'अँ' (एक) म्हटलं की नुसतं एक झुरळ. तुमच्या चित्रात झुरळ दिसतं, 'ल' दिसतो का?

आणि ती डॉ. मिसेस व्हँडरट्रँप! भूतकाळात 'आव्वार' (जवळ असणं) ऐवजी 'एत्र' (असणं) हे सहायक क्रियापद लावणाऱ्या १६ क्रियापदांची आद्याक्षरं जुळवून केलेली बाई. तोंडी परीक्षेत 'मी निघाले' म्हणायला उमेदवार तिचं अख्खं नाव मनात म्हणतो आणि परीक्षक घड्याळ बघतो.

निवृत्त_मास्तर:
खोटी चित्रं हवीत कशाला? खरी नाती पडली आहेत. फ्रेंच 'झनू' म्हणजे गुडघा, संस्कृत जानु. आजानुबाहू म्हणतोच ना आपण? 'नफ' म्हणजे नऊ आणि नवीनसुद्धा. संस्कृत 'नव'चेही हेच दोन अर्थ. 'इल सों' म्हणजे ते आहेत: सन्ति.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण 'मॅत्र', म्हणजे गुरू किंवा मालक. लिहिताना त्यातल्या आय-वर टोपी असते आणि ती टोपी म्हणजे गळून पडलेल्या 'स'ची खूण. तो 'स' परत बसवा: मेस्त्र. पोर्तुगीजांनी तो तसाच ठेवला आणि आपल्याला दिला, मेस्त्री! हे एकदा कळलं की टोपी कुठे घालायची ते घोकावं लागत नाही.

व्हँडरट्रँपबाईही नकोत. 'ती गेली'त क्रियापद कर्त्यामागे जातं, म्हणजे त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, 'तिने बॅगा चढवल्या'त जात नाही. तेच फ्रेंचमध्ये: 'एल ए आले' ('एत्र'), पण 'एल आ मोंते ले व्हालीझ' ('आव्वार'). मराठी माणसाला हे कानानेच कळावं.

लिऑंकर:
मास्तर, ती झोपली? 'एल आ दोर्मी.' ती धावली? 'एल आ कूरू.' दोन्हीकडे मराठी क्रियापद कर्त्यामागेच जातंय आणि फ्रेंचमध्ये 'आव्वार'. तुमच्या कानावर विसंबणारा पहिल्याच परिच्छेदात आपटेल. आणि लिंगाचं काय? आपला चंद्र पुरुष, त्यांची 'ला लून' बाई.

फोंड्याची:
मेस्त्री वाचून मजा आली. आमच्याकडे असे ढीगभर: इगर्ज (चर्च) आणि 'एग्लीझ', पाव आणि 'पँ', पगार आणि 'पेये'. चावीसुद्धा त्यांच्या 'क्ले'ची बहीण, दोघी लॅटिन 'क्लाविस'च्या. पण खरं सांगू मास्तर, चावीवरून मला 'क्ले' कधीच आठवला नाही. 'क्ले' आधी आला, बहीण नंतर सापडली. शिकून झाल्यावर गोड वाटणारी गोष्ट आहे ही, शिकताना उपयोग शून्य. त्यापेक्षा बाकावरचा ससा बरा.

निवृत्त_मास्तर:
'क्ले'चं मान्य. झोपणं-धावणंही मान्य, तिथे मी जरा जास्तच ताणलं. पण मेस्त्री सोडणार नाही.

माँट्रियलवाली:
अवांतर: आमच्या क्युबेकात झुरळाला 'कोक्रेल' म्हणतात, तेव्हा लिऑंकरांच्या बाईंचा गोंधळ इथे झाला नसता. इथे घरी गेलं की यजमान म्हणतात 'तीर-त्वा उन ब्यूश', ओंडका ओढून घे, म्हणजे खुर्ची घेऊन बस. मी याला कुठलंच चित्र जोडलं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीबाईंनी स्वयंपाकघरातलं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं होतं, तेवढं पुरलं. पण पुण्यात बसून हे स्टूल कोण सरकवणार, हेही खरंच. त्यामुळे धागाकर्तीला माझा विरोध नाही.

कोथरूडची_विद्यार्थिनी:
लिऑंकर, झुरळाचा मुद्दा लागला. काल रात्री वही काढून बघितली: चाळीस वाक्प्रचार, सगळे मराठीत अर्थासकट आणि निम्म्यांना 'ल', 'ला', 'अँ' काहीच नाही. आता सशाच्या गळ्यात 'अँ'ची पाटी अडकवलीय आणि झुरळ 'ल'वर बसवलंय. हसा खुशाल.

मंगळवारी तोंडी आहे. परीक्षक आलेच नाहीत तर वाक्य तयार आहे: 'इल मा पोझे अँ लापँ.'

लिऑंकर:
हे मित्रमैत्रिणींत. परीक्षा केंद्राला तक्रारीचं पत्र लिहाल त्यात ससा घालू नका.