स्कोअरर होतो, आता टीम म्हणतेय पॉइंट गार्ड (बॉल वर आणून प्ले लावणारा) हो. सुरुवात कुठून करू?

रत्नांग्रीकर_११

नमस्कार मंडळी, इथे बास्केटबॉलवाले कमीच आहेत हे माहितीये, कबड्डी आणि ओव्हरआर्म क्रिकेटच्या धाग्यांवर गर्दी असते, तरी विचारून बघतो.

मी रत्नागिरीचा, वय २०, उंची ५ फूट १० इंच. शाळेपासून खेळतोय, मग कॉलेजला झोनल, मग युनिव्हर्सिटी. माझा गेम म्हणजे पॉइंट काढणे, विषय संपला. विंगवर (कोर्टाच्या बाजूला) बॉल आला की एक ड्रिबल आणि पुल-अप (पळता पळता थांबून उडी मारून शॉट), नाहीतर थेट रिंगवर. बॉल वर कोण आणतोय, प्ले कुठला लागलाय हे मी कधी बघितलंच नाही कारण आमच्याकडे सगळे प्ले माझ्यासाठीच असायचे, आणि नसले तरी मी टाकायचोच.

यंदा मुंबईच्या एका टीमने करारावर घेतलंय. महिन्याला मानधन, राहणं-जेवण त्यांचं. पैसे फार नाहीत पण घरच्यांना सांगायला नोकरीसारखं वाटतं. तर पहिल्याच कॅम्पमध्ये कोच म्हणाले, तुझ्या उंचीचा शूटिंग गार्ड (मुख्यतः शॉट टाकणारा) मला परवडणार नाही, समोर सहा-तीन, सहा-चारची पोरं येतात, इथे टिकायचं असेल तर पॉइंट गार्ड खेळ. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

आता हाल असे की फुल कोर्ट प्रेस (समोरचे पूर्ण कोर्टभर अंगावर येतात तो) लागला की मी उजवीकडेच पळतो आणि हे सगळ्यांना कळलंय. प्ले ओरडतो आणि पुढच्या सेकंदाला स्वतःच विसरतो. पास दिसतो पण दिसेपर्यंत तो बंद झालेला असतो. त्यात पास द्यायच्या नादात शूट करायचंच राहून जातं, मग कोच ओरडतात की शॉट का नाही घेतलास. आमचा बिग, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच माणूस (चांगला आहे, पंजाबचा), एकदा हात वर करून नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला, ते अजून डोक्यातून जात नाहीये.

आता गणपतीला घरी आलोय, परत गेल्यावर कॅम्प चालू. इथल्या कोर्टावर पावसाने शेवाळ धरलंय. काय करू, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

चिपळूणचे_सर

अभिनंदन आधी. आपल्याकडच्या पोराला करार मिळाला हेच मोठं आहे.

मी शाळेत पीटीला आहे, बरीच वर्षं पोरं घडवतोय, त्यामुळे जरा लांब लिहितो, वाच.

पॉइंट काढणं सोडू नकोस. कोचने पॉइंट गार्ड म्हटलं की पोरं एकदम संत होतात, रिंगकडे बघतच नाहीत. मग काय होतं, तुझा डिफेंडर दोन पावलं मागे सरकतो आणि आरामात पासची वाट अडवून उभा राहतो. तुझ्या शॉटचा धाक आहे म्हणून तो अंगावर येतो, तो अंगावर आला म्हणून दुसऱ्याला मदतीला यावं लागतं आणि दुसरा आला म्हणून तुमचा कोणीतरी मोकळा होतो. धाक गेला की हे सगळंच गेलं. तुझे कोच शॉट का नाही घेतलास म्हणून ओरडतात ते याचसाठी.

पास बंद झाल्यावर दिसतो म्हणतोस, त्याचं कारण तू चुकीच्या माणसाकडे बघतोयस. पिक अँड रोलमध्ये, म्हणजे तुमचा बिग तुझ्या डिफेंडरची वाट अडवून स्क्रीन देतो आणि मग रिंगकडे रोल करतो तेव्हा, स्वतःच्या डिफेंडरकडे बघू नकोस, तो स्क्रीनवर आपटलाय, त्याचं तो बघेल. स्क्रीन देणाऱ्याचा जो डिफेंडर आहे ना, त्याचे पाय बघ. तो खाली रिंगजवळ थांबला तर फ्री थ्रो लाइनपाशी तुझा पुल-अप उघडा आहे, तो तुला झोपेतही येतो. तो वर चढून आला तर त्याच्या गुडघ्याजवळून बाउन्स पास, रोल करणाऱ्या बिगच्या हातात, आणि हा पास दोघं तुझ्यावर पोचायच्या आत सुटला पाहिजे. पोचल्यावर तो पास राहत नाही, देणगी होते. दोघांनी आपसात माणसं बदलली तर घाई करू नकोस, बॉल घेऊन दोन पावलं मागे ये आणि बघ, त्यांचा उंच माणूस तुझ्यासमोर आलाय आणि खाली तुमच्या बिगवर त्यांचा छोटा लटकलाय, जे सोपं दिसेल ते घे. आणि कॉर्नरवरून तिसरा कोणी आत सरकला की त्याच कॉर्नरला बॉल, न बघता, कारण तिथे शूटर उभा असणारच. नसेल तर ते कोचला सांग.

अजून एक. एनबीएच्या (अमेरिकेतल्या लीगच्या) क्लिपा बघून शिकत असशील तर जपून. तिकडे डिफेन्सिव्ह थ्री सेकंदचा नियम आहे, कोणालाही न धरता बिग पेंटमध्ये (रिंगसमोरच्या चौकटीत) बसून राहू शकत नाही. आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांनी खेळतो, त्यात तो नियमच नाही, त्यामुळे त्यांचा सहा-आठचा बाप्या आत ठाण मांडून बसतो. क्लिपमध्ये जिथे लेअपला रस्ता दिसतो तिथे तुला भिंत लागेल. म्हणून फ्लोटर (बिगच्या हातावरून उंच, अलगद टाकलेला शॉट) शिक, पाच-सात फुटांवरून, दोन्ही पायांवरून. टाइमआउटचंही तसंच. तिकडे ट्रॅपमध्ये (दोघांच्या घेऱ्यात) अडकलेला खेळाडू स्वतः टाइमआउट मागून सुटतो. आपल्याकडे टाइमआउट कोच किंवा त्याच्या असिस्टंटनेच मागायचा आणि तोही बॉल डेड झाल्यावर (खेळ थांबल्यावर) मिळतो, किंवा समोरच्याने बास्केट केल्यावर. म्हणजे अडकलास की अडकलास.

नको_रे_बाबा

मी उलटं सांगतो. सरळ नाही म्हण.

एनबीएचा आयव्हर्सन घ्या, सहा फूट. फिलाडेल्फियात कोच लॅरी ब्राउनने त्याला पॉइंटवरून काढून शूटिंग गार्डला टाकला, पॉइंटला एरिक स्नो, आणि त्याच १९९८-९९ च्या सीझनला तो लीगचा टॉप स्कोअरर झाला. २००१ ला एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) आणि टीम फायनलमध्ये. कोचने उंची बघून पोझिशन ठरवली असती तर हे झालं असतं का? स्कोअररला पॉइंट गार्ड बनवायचं म्हणजे एक चांगला प्लेअर मोडून दोन अर्धे बनवायचे. मी लोकल टीममध्ये हे होताना बघितलंय, पोरगं ना इकडचं राहिलं ना तिकडचं आणि दुसऱ्या वर्षी घरी.

चिपळूणचे_सर

@नको_रे_बाबा आयव्हर्सनचं उदाहरण बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंत. स्नो सहा-तीनचा होता आणि डिफेन्सला समोरच्या मोठ्या गार्डला तो धरायचा, म्हणून आयव्हर्सन लपायचा. रत्नांग्रीकर, तुमच्या टीममध्ये असा स्नो आहे का, जो बॉलही आणेल आणि मोठा गार्डही धरेल? असेल तर कोचशी बोलायला हरकत नाही. नसेल तर हा विषय इथेच थांबतो.

आणि झालेलीही उदाहरणं आहेत की. चॉन्सी बिलप्स १९९७ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तिसऱ्या नंबरवर गेला, आणि हा पॉइंट की शूटर हेच कोणाला ठरवता येईना, बोस्टनने पहिल्याच सीझनमध्ये सोडला, मग टोरांटो, डेन्व्हर असं फिरत मिनेसोटाला गेला. तिथे टेरेल ब्रँडनसारखा मुरलेला पॉइंट गार्ड होता, त्याच्याबरोबर राहिला, ब्रँडन दुखापतीने बाहेर गेल्यावर ती जागा चालवली. २००२ ला डेट्रॉइट, २००४ ला चॅम्पियन आणि फायनलचा एमव्हीपी. पाच-सहा वर्षं गेली त्याची. दुसरा स्टीफन करी. डेव्हिडसन कॉलेजात पहिली दोन वर्षं पॉइंटला जेसन रिचर्ड्स, करी बाजूला फक्त शूटर. तिसऱ्या वर्षी, २००८-०९ ला, बॉल त्याच्या हातात आला आणि त्याच वर्षी तो सगळ्या अमेरिकेत कॉलेजचा टॉप स्कोअरर झाला, मॅचला २८.६. म्हणजे पॉइंट झाल्यावर स्कोअर कमी होतो हे काही लिहून ठेवलेलं नाही.

कुडाळचो_झिल

कबड्डी खेळ म्हणान सांगी होतंय, तेव्हा आयकलंस नाय. आता भोग :)

गुहागरची_तायडी

मी डिपार्टमेंटला खेळलेय, पॉइंटच, आता सोडलं. सरांनी लिहिलं ते सगळं डोळ्यांचं झालं, मी तोंडाचं सांगते, कारण स्कोअरर पोरं मुकी असतात. वाईट नको वाटून घेऊस, पण तू आजवर कोर्टावर बॉल मागण्यापलीकडे काही बोलला असशील असं वाटत नाही.

तुमच्याकडे आत्ता गणपतीत जाखडी नाचतील ना, ती नीट बघ. बाकीचे गोल फिरतायत, घुंगरू वाजतायत, लोक बघतात ते त्यांनाच. पण मधे बसलेला ढोलकीवाला चाल बदलतो तेव्हाच पाऊल बदलतं, आणि तो आधी खुणेने सांगतो मग चाल बदलतो. स्वतःलाच रंग चढला आणि एकदम पळवली तर गोल फुटतो. तू सध्या असाच पळवतोयस, कारण स्कोअररचा वेग त्याच्या स्वतःपुरता असतो.

प्ले विसरतोस त्याचं कारण तू तो फार उशिरा ओरडतोस. हाफ लाइन आठ सेकंदात ओलांडायची, शॉट क्लॉक (शॉट टाकायची मुदत) २४ सेकंदांचा, तू निवांत वर येऊन मग प्ले सांगितलास तर सेट लागेपर्यंत घड्याळात दहा राहतात आणि मग कोणीतरी वेडावाकडा टाकतो आणि शिव्या तुला. बॉल हातात आला की हाफ लाइनच्या आधीच सांगायचं, बोटाने पण आणि तोंडाने पण, आणि ज्याला कळलेलं नाही त्याचं नाव घेऊन सांगायचं. आपल्या शॉटचा रिबाउंड आपल्यालाच मिळाला तर क्लॉक १४ वर येतो, त्यासाठी एक छोटा प्ले वेगळा ठरवून ठेव, नाहीतर तिथे सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

आणि हाफ लाइन ओलांडून लगेच थांबायचं नाही हं, कधीच नाही. मागे लाइन, बाजूला साइडलाइन, त्यांना ट्रॅप लावायला तीच जागा हवी असते. एकतर तीन-चार पावलं आत ये नाहीतर लाइनच्या आधीच मधल्या माणसाला पास दे आणि परत घे.

तो पंजाबचा बिग. पहिल्या पाच मिनिटांत त्याला दोन बॉल दे, जिथे त्याला आवडतात तिथे. कुठे आवडतात ते तुला माहिती नसेल तर जेवताना विचार. पळून पळून स्क्रीन देणारा तोच असतो, त्याला बॉल मिळाला नाही की स्क्रीन हळूहळू पातळ व्हायला लागतात, मुद्दाम नाही करत कोणी पण होतं.

रत्नांग्रीकर_११

तायडी, मुका म्हणालात ते आमच्या आईलाही पटलं. सर, पायांचं लक्षात आलं, मी आजपर्यंत डिफेंडरची छाती बघत होतो.

दोन प्रश्न. डावा हात घरी कसा करू, कोर्ट ओलं आहे. आणि टर्नओव्हर (बॉल गमावणं) किती झाले तर चालतात? गेल्या प्रॅक्टिस मॅचला इतके झाले की स्कोअररने (टेबलवरच्या) माझ्याकडे बघून मान हलवली.

चिपळूणचे_सर

शेवाळावर अजिबात पळू नकोस, गुडघा गेला तर करारही गेला. त्यावरून आठवलं, दुखापतीचा खर्च कोण करणार हे करारात लिहिलंय का बघ, नसेल तर आत्ताच लिहून माग, तोंडी नको.

डावा हात पडवीत होतो. खुर्चीवर बस, डाव्याने खाली गुडघ्याच्या उंचीवर ड्रिबल, उजव्या हातात मोबाइल धरून काहीतरी वाच, म्हणजे डोळे बॉलवर जाणार नाहीत. मग उभं राहून भिंतीवर डाव्या हाताने, ड्रिबलमधूनच थेट पास, बॉल दोन्ही हातात न घेता. स्कोअररला ही सवय नसते, तो आधी बॉल गोळा करतो आणि मग पास देतो, तिथेच तुझा अर्धा सेकंद जातो. जेवणही डाव्याने करून बघ म्हणणारे आहेत, मला ते थोतांड वाटतं.

टर्नओव्हरचं म्हणशील तर एनबीएचा हार्डन बघ. २०१६-१७ ला कोच डँटोनीने ह्यूस्टनमध्ये त्याला पॉइंट गार्ड केला, असिस्टमध्ये (बास्केट करून देणाऱ्या पासमध्ये) लीगमध्ये पहिला, मॅचला ११.२, आणि टर्नओव्हर ५.७. बॉल सतत हातात असला की ते होणारच. उलट मॅक्सी, तोही मुळात स्कोअरर, हार्डन गेल्यावर २०२३-२४ ला फिलाडेल्फियाचा बॉल त्याच्याकडे आला, २५.९ पॉइंट, ६.२ असिस्ट आणि टर्नओव्हर फक्त १.७. दोन्ही पद्धती चालतात. आकडा मोजू नकोस, कसले होतात ते लिहून ठेव. पास जरा उशिरा गेला म्हणून तुटला तर तो शिकण्यातला. ड्रिबल करताना हातातून काढून घेतला आणि समोरच्याने फुकट लेअप घातला, तो मात्र महाग, त्यावर काम कर.

नको_रे_बाबा

ठीक आहे, खेळ बाबा पॉइंट. पण कोचला आत्ताच विचारून घे की शेवटच्या दोन मिनिटांत मॅच अडकली असेल तर शॉट कोणाचा. तुझा असेल तर मी माझे शब्द मागे घेतो.

गुहागरची_तायडी

हे मात्र बरोबर विचारलंत.

रत्नांग्रीकर, मुंबईत परत गेलास की सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी नागपाड्याला जा, मस्तान तलावच्या ग्राउंडवर. अब्बास मुंतसिर तिथलेच, भारताचे कॅप्टन होते, अर्जुन पुरस्कारवाले. तिथली पोरं उंचीला तुझ्याएवढीच असतात आणि बॉल हातातून कधी गेला ते कळत नाही. पहिले काही दिवस तुला टीममध्ये घेणार नाहीत, बाहेर बसून राहा. घेतलं की उजवीकडे जाऊ नकोस, मुद्दाम डावीकडून ने, जाऊ दे बॉल गेला तर, तिथे कोच बघत नसतो. आणि करारात बाहेर खेळायला परवानगी लागते का तेवढं आधी विचार.