धामणगावच्या नावात 'रेल्वे' कशी आली?

वर्धेकाठची:
माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे. इथं पुण्यात शेजारणीनं विचारलं की गावाच्या नावात रेल्वे कशी काय, तर मला स्टेशन आहे म्हणून एवढंच सांगता आलं, फार वाईट वाटलं. आजी जुन्या धामणगावची, बाजाराला निघाली की "टेशनावर जातो" म्हणायची, अख्ख्या गावालाच टेशन. आधी गाव की आधी स्टेशन?

बंडीवाला:
ताई, आजीचं बरोबर होतं. आधी जुनं धामणगाव, मग स्टेशन आणि स्टेशनाभोवती हे आताचं गाव. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला न् मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाडावर पडली. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची लाईन भुसावळहून वऱ्हाडातून 1867 ला नागपूरले पोचली. तवा यवतमाळले रेल्वे नव्हती, तिकडचा कापूस बंड्या भरभरून धामणगावच्याच स्टेशनावर यायचा, बैलाच्या चालीनं पन्नासेक किलोमीटर म्हणजे रस्त्यात मुक्काम आलाच. शकुंतला, ती छोट्या रुळांची गाडी, यवतमाळले गेली ते पार 20व्या शतकात.

मालधक्का:
यात जिनिंगचं सांगायचं राहिलं, खरं गाव तर त्यानं बसवलं. सुटा कापूस म्हणजे नुसता फुगारा, डबा भरतो पण वजन नाही. म्हणून स्टेशनाजवळच रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, लागायचे, सरकी वेगळी, रुई वेगळी, मग रुई प्रेसमधे दाबून गाठी बांधायच्या न् मालधक्क्यावरून थेट मुंबई. जिन आली की मजूर आले, अडते आले, मारवाडी पेढ्या आल्या, बैलांसाठी ढेप-कडब्याची दुकानं. माझे आजोबा प्रेसमधे हमाल होते, म्हातारपणीसुद्धा त्यांचा उजवा खांदा खाली झुकलेला होता. व्यापाऱ्यांची नावं सगळेच घेतात, हमालांचं कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

फाटकाजवळ:
शेजारणीला चांदूरचं पण सांगा, आपल्याच जिल्ह्यात एक चांदूर बाजार न् एक चांदूर रेल्वे, नुसतं चांदूर म्हटलं तर माणूस भलत्याच एसटीत बसते. धामणगावच्या पुढं वर्धा नदीवरचा पूल ओलांडला की पुलगाव, तिथं वऱ्हाड संपते.

वर्धेकाठची:
खूप आभार. मालधक्का दादा, आजोबांचं अजून लिहा ना, प्रेसमधे दिवसभर काय काय काम असायचं ते. दिवाळीला गेले की मी आईला आजीचं विचारून इथंच टाकते.