पराभवानंतर पोटनिवडणुकीतून लोकसभेत: नियम काय सांगतात?

लष्करकर
१९८४ मध्ये आपल्या ग्वाल्हेरात अटलजी माधवराव शिंदेंकडून हरले आणि १९८६ ला राज्यसभेतून संसदेत आले. इंदिराजी मात्र रायबरेली गमावल्यावर १९७८ मध्ये कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीतून थेट लोकसभेत पोचल्या. परराज्यातला मतदारसंघ, तोही मुदतीच्या मध्येच, हे नियमांत कसं बसतं? आज कुणी हा मार्ग धरला तर कुठे अडेल?

मुरारवासी
आधी जागा रिकामी व्हायला हवी. चिकमगळूरला तिथले खासदार डी. बी. चंद्रेगौडांनी राजीनामा दिला होता. राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे, अशी लोकसभा अध्यक्षांची खात्री पटावी लागते. तेव्हा पोटनिवडणुकीला कायद्याने कालमर्यादा नव्हती. १९९६ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१ अ आहे: सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची. पण त्या जागेची उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल तर हे बंधन नाही. म्हणून शेवटच्या वर्षात नेत्यासाठी जागा सोडली तर ती रिकामीच राहण्याचा धोका.

अधिसूचनेनंतर अर्जांना सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, मग माघारीला दोन दिवस आणि पुढे किमान चौदा दिवसांनी मतदान. म्हणजे हाती जेमतेम साडेतीन आठवडे.

दौलतगंज
परराज्याची अडचण नाही. सर्वसाधारण जागेसाठी देशात कुठेही मतदार यादीत नाव असलं की झालं. मात्र त्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा निदान छाननीच्या वेळी हवीच. नसेल तर अर्ज बाद होऊ शकतो. सूचक (उमेदवाराचं नाव सुचवणारा) मात्र त्याच मतदारसंघाचा मतदार लागतो: मान्यताप्राप्त पक्षाला एक, अपक्षाला दहा. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२,५००. एबी फॉर्म (हाच आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षाचं पत्र) अर्जांच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचलाच पाहिजे, नाहीतर पक्षाचं चिन्ह गेलं. शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नये. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने लक्षात आणून दिल्यावरही कोरा राहिला तर अर्ज फेटाळता येतो.

लष्करकर
आणि निवडून आल्यावर?

मुरारवासी
खरी परीक्षा तिथेच झाली. वीरेंद्र पाटलांना हरवून इंदिराजी १९७८ च्या नोव्हेंबरात लोकसभेत आल्या आणि १९ डिसेंबरला सभागृहाने त्यांना काढलं. संजय गांधींच्या मारुती मोटार कंपनीविषयी लोकसभेत विचारलेल्या प्रश्नासाठी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना अडवल्याचा ठपका विशेषाधिकार समितीने ठेवला होता. अधिवेशन संपेपर्यंत तिहारमध्ये राहावं लागलं. पण हकालपट्टीने पुन्हा उभं राहायला बंदी येत नाही. १९८० ला त्या रायबरेली आणि मेदक दोन्हीकडे जिंकल्या, मेदक ठेवलं; १९८१ मध्ये लोकसभेने हकालपट्टीचा तो ठरावही रद्द केला. न्यायालयाने दोन वर्षं वा जास्त शिक्षा दिली तर गोष्ट वेगळी: शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर सहा वर्षं दार बंद.