मदत हवी आहे: प्रेशर वॉशरचा काटा थरथरतोय, २०० बारचं मशीन १०० च्या खालीवर आलंय, पूर्ण पंप बदलायचा का?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहिती दिली की तुम्हालाच परत परत विचारत बसावं लागतं.

मशीन कमर्शियल आहे, थंड पाण्याचं. थ्री फेज ७.५ किलोवॅट मोटर, तिला डायरेक्ट जोडलेला तीन प्लंजरचा (आत-बाहेर सरकून पाणी ढकलणाऱ्या दांड्यांचा) पंप, प्लेटवर २०० बार आणि १५ लिटर पर मिनिट लिहिलंय. ट्रक, टँकर, खोदकामाच्या मशिनी असली सगळी चिखलाची धुलाई असते त्यामुळे दिवसभर चालू असतं. पाणी वरच्या टाकीतून उताराने येतं, मधे जाळीचा फिल्टर आहे. बायपासचं पाणी, म्हणजे गन सोडल्यावर पंपातून परत वळवलं जाणारं, पंपाच्या इनलेटलाच परत जातं, असंच जोडून आलेलं होतं.

त्रास असा आहे की गन दाबली की गेजचा काटा ७० ते १२० च्या मधे सारखा थरथरतो, आणि तो पण एका लयीत, उगाच कधीतरी नाही. होज हातात धक्के देतो, नोझलमधून पाण्याचा पंखा नीट पडत नाही, तुटक तुटक पडतो. आधी हाच काटा २०० च्या जवळ अगदी शांत उभा असायचा. पंपातून टकटक असा आवाज पण येतोय. आणि दुसरी गोष्ट, गन सोडल्यावर मशीन शांत बायपासवर जायला पाहिजे ना, तर तसं होत नाही, थोड्या थोड्या वेळाने पंप एकदम भार घेतो आणि सोडतो, भार घेतो आणि सोडतो, काटा पण तसाच वर खाली.

आत्तापर्यंत काय केलं: नोझल नवीन लावलं, पूर्वीच्याच साईजचं म्हणजे २५ अंशाचं ०४५ नंबर, काही फरक नाही. मेकॅनिक आला होता, त्याने अनलोडरचा (प्रेशर ठरवणारा आणि गन सोडली की पाणी बायपासला वळवणारा व्हॉल्व्ह) नॉब बराच आवळला, प्रेशर तसूभर वाढलं नाही. मग तो म्हणाला पंप गेला, हेडसकट (पाण्याकडचा, व्हॉल्व्ह बसतात तो भाग) पूर्ण बदला. ऑइलच्या काचेतून बघितलं तर ऑइल किंचित दुधाळ वाटतंय, आणि पंपाच्या खाली, हेड आणि ऑइलचा भाग जिथे जुळतो तिथे पाण्याचा थेंब पडतो अधूनमधून.

माझा प्रश्न एवढाच की पंप खरंच गेलाय हे घरच्या घरी कसं तपासायचं? अनलोडर, व्हॉल्व्ह, सील, की पाणीच कमी येतंय, यातलं काय हे वेगळं कसं ओळखायचं? मशीन बंद म्हणजे काम बंद, पण आंधळेपणाने पंप बदलायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद

आधी पाणी बघा दादा, बाकी सगळं नंतर. टाकीवरून येणारा पाईप पंपाच्या इनलेटपेक्षा बारीक असेल किंवा जाळी चोंदली असेल तर पंपाला पाणी पुरत नाही, मग तो आत पोकळी करतो आणि अगदी असेच धक्के आणि टकटक येते. इनलेटचा होज पंपाकडून सोडा आणि बादलीत धरा, मशीन १५ लिटरचं असेल तर नुसत्या उताराने मिनिटाला २० च्या पुढे पाणी पडायला पाहिजे. आणि इनलेटला थोडा वेळ पारदर्शक होज लावून बघा, बुडबुडे दिसले म्हणजे कुठेतरी जॉइंटमधून हवा ओढतोय. तिथे पाणी गळत नसलं तरी हवा आत जाऊ शकते हे लक्षात ठेवा, लोक गळती शोधतात आणि सापडत नाही म्हणून सोडून देतात.

प्रतिसाद

वरच्यांनी सांगितलेलं करा, पण माझा अंदाज तुमच्या आकड्यांवरूनच वेगळा जातोय. तीन प्लंजरचा पंप आहे, एक सिलिंडर काम करेनासा झाला तर पाणी दोन तृतीयांश राहतं, म्हणजे १५ चं १०. आणि तेच नोझल असेल तर प्रेशर पाण्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडतं, दोन तृतीयांशाचा वर्ग म्हणजे नवात चार, २०० चे साधारण ९०. तुमचा काटा ७० ते १२० मधे थरथरतोय, मधला आकडा बघा कुठे येतो. शिवाय एका लयीत थरथरतोय म्हणजे दर फेऱ्याला एकच ठोका चुकतोय. हवा ओढत असता तर काटा असा लयीत सहसा हलत नाही, वेडावाकडा उडतो.

बादलीने खात्री करा. नोझल काढून टाका, गन उघडी ठेवून २० लिटरची बादली भरा आणि घड्याळ लावा. १५ लिटरच्या पंपाला ८० सेकंद लागतात. २ मिनिटांच्या आसपास लागली तर एक सिलिंडर मेलाय. ८० मधेच भरली तरी पंप निर्दोष आहे असं लगेच समजू नका, कारण झिजलेलं पॅकिंग (प्लंजरभोवतीचं पाण्याचं सील) प्रेशर आल्यावरच गळतं, पण टकटक आणि लय असताना मला त्या सिलिंडरचा व्हॉल्व्हच वाटतोय.

दोष अनलोडरचा आहे का हे वेगळं तपासायचं असेल तर बायपासचा होज इनलेटवरून सोडून बादलीत सोडा, इनलेटचं ते तोंड बंद करा नाहीतर तिथून हवा ओढेल, आणि नोझल लावून गन दाबून धरा. गन उघडी असताना, प्रेशर कमी असताना, बायपासमधून पाणी धो धो येत असेल तर अनलोडर गळतोय. जवळजवळ काहीच येत नसेल तर अनलोडरचा या प्रेशरशी संबंध नाही, पाणी पंपातूनच कमी निघतंय.

आणि एक फार महत्त्वाचं, हे वाचून आधी हेच करा: मेकॅनिकने आवळलेला नॉब परत पूर्वीच्या जागेवर सोडा. आत्ता प्रेशर चढत नाही म्हणून काही दिसत नाही, पण पंप दुरुस्त झाल्यावर त्याच सेटिंगवर मशीन चालू केलं तर प्रेशर ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाईल, आणि गन सोडल्याक्षणी जो झटका बसतो तो त्याहून वर. होज फुटतात ते असेच. दुरुस्तीनंतर गन उघडी ठेवून, गेजकडे बघत, थोडं थोडं आवळत २०० ला आणायचं.

प्रतिसाद

व्हॉल्व्हबद्दल सहमत. फक्त गन सोडल्यावर भार घेणं-सोडणं हे त्याच्यात धरू नका, तो वेगळा त्रास आहे. गन बंद असताना अनलोडरच्या पुढे होजमधे प्रेशर अडकून राहायला पाहिजे, तेवढ्यावर तो बायपास उघडा धरतो. पुढे कुठेही थेंबभर गळती असली, कपलिंगची ओ-रिंग, गनचा सील, होजला बारीक चीर, की ते प्रेशर उतरतं आणि अनलोडर परत पंपावर भार टाकतो. बाहेर सगळं कोरडं असेल तर अनलोडरमधल्या चेक व्हॉल्व्हची ओ-रिंग बघा. गळती शोधताना होजवरून हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. २०० बारचं पाणी सुईच्या छिद्रातून कातडीत शिरतं, वरून नुसता ठिपका दिसतो आणि आत सगळं खराब होत जातं, तसं झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल, आणि हाय प्रेशरने पाणी आत शिरलंय असं स्पष्ट सांगायचं.

खालचा थेंब म्हणजे पॅकिंग झिजलंय, ते पाणी प्लंजरवरून मागे सरकून ऑइल सीलपर्यंत जातं म्हणून ऑइल दुधाळ. त्याचं कारण मला तुमचा बायपास वाटतो. इनलेटलाच परत जात असेल तर गन सोडून ठेवल्यावर तेच तेवढंसं पाणी गोल गोल फिरून काही मिनिटांत तापतं, आणि सील गरम पाण्यात मरतात. बायपास टाकीत न्या, पाण्याच्या पातळीखाली सोडा आणि पंपाकडे जाणाऱ्या तोंडापासून लांब, नाहीतर बुडबुडे सरळ पंपात. ते जमत नसेल तर गन दोन-तीन मिनिटांहून जास्त बंद राहणार असेल तेव्हा मोटर बंद करायची सवय पोरांना लावा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, सांगितलं त्याच क्रमाने केलं. नॉब आधी परत सोडला. इनलेटचा होज सोडून बघितला, पाणी भरपूर, बुडबुडे नाहीत. नोझल काढून बादली भरली तर ११५ सेकंद. बायपास बादलीत सोडला, गन दाबल्यावर जेमतेम धार. म्हणजे कमी प्रेशरला अनलोडर कारण नाही.

मोटर बंद, मेन स्विच खाली, पाणी बंद, गन दाबून काटा शून्यावर आणला आणि मग व्हॉल्व्हच्या टोप्या उघडल्या. मधल्या सिलिंडरच्या इनलेट व्हॉल्व्हमधे खडीचा कण अडकलेला, सीटवर चरा पडलेला आणि स्प्रिंग पण तुटलेली. फिल्टर काढून बघितला तर जाळी एका कडेला फाटलेली, तिथूनच आत गेला. चोंदलेली नव्हती म्हणून वरून बघताना स्वच्छच दिसत होती.

आता सहाच्या सहा व्हॉल्व्हचं किट, ओ-रिंगसकट, पॅकिंगचं किट, ऑइल सील आणि नवीन जाळी मागवलीये. हेड, प्लंजर चांगले आहेत, प्लंजरवर नख फिरवून बघितलं, तडा किंवा चरा लागत नाही. गनच्या कपलिंगची ओ-रिंग चपटी झालेली सापडली ती बदलली.

एकच शंका राहिली, ऑइल आत्ताच बदलू की पॅकिंग बसवल्यावर?

प्रतिसाद

पॅकिंग आणि ऑइल सील बसल्यावर. आत्ता बदललं तर नवीन पण दुधाळ होईल. पण तोपर्यंत मशीन अजिबात चालवू नका, पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग जातात. जुनं पूर्ण निथळून काढा, मॅन्युअलमधे सांगितलेलं पंपाचंच ऑइल भरा, गाडीचं मल्टिग्रेड उरलंय म्हणून ओतू नका. थोडं चालवल्यावर काच परत बघा, जुन्यातलं पाणी कोपऱ्यात राहिलेलं असतं, परत दुधाळ दिसलं तर अजून एकदा बदला. आणि पहिल्यांदा चालू करताना नोझल न लावता गन उघडी ठेवा, हवा सगळी निघून पाणी सलग पडायला लागलं की मग नोझल.