मदत हवी आहे: केळी कुल्फीला नेलपॉलिशचा वास येतोय (अर्जंट)

कुल्फीवाला_भो
परवा ८० कुल्फ्यांची ऑर्डर आहे, मुंजीची. आज चाचणीचा घाणा काढला. वास असा की खोलीत कुणीतरी नेलपॉलिश सांडलंय. चव कडवट, घशाला झोंबते. मलई कुल्फी रोज करतो, तिला काही होत नाही, त्यामुळे दूध वगैरे ठीकच आहे. वास कसा मारायचा? वेलदोडा वाढवू का? लवकर सांगा.

सुगरण_आजी
केळी कुल्फीत केळं किती घातलंस ते लिहिलंच नाहीस की रे.

कुल्फीवाला_भो
केळं नाही घातलं. इसेन्स.

ठाणेकर७२
कुठला इसेन्स? किती? दूध गरम होतं की गार? एवढं तरी लिहा राव, आम्ही काय कुंडली मांडून सांगायचं?

कुल्फीवाला_भो
चहाचा एक चमचा, एक लिटर आटवलेल्या दुधाला. गॅसवरच होतं. व्हॅनिला पण तेवढाच घालतो.

रसायनकाका
व्हॅनिला इसेन्सचा चमचा चालतो, कारण त्यात बहुतेक सगळं पातळ करणारं द्रव्य असतं. तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा. ‘बनाना इसेन्स’ आहे की दुसरं काही?

शिकरणप्रेमी
विषयांतर: शिकरणात साय घालता का तुम्ही लोक? आमच्या घरी यावरून दोन तट आहेत.

कुल्फीवाला_भो
शिकरण नंतर. बाटलीवर ‘आयसोअमाइल अ‍ॅसिटेट’ लिहिलंय, ५०० मिली, काचेची तपकिरी बाटली. ओळखीच्या एकाने सांगितलं की बनाना इसेन्स म्हणजे हेच, दुकानातल्या चिमुकल्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं. खाली ‘एलआर’ आहे आणि लाल चौकोनात ज्वाळेचं चित्र.

रसायनकाका
तो घाणा फेकून द्या. वेलदोडा, केशर, जायफळ काही उपयोगाचं नाही.

ओळखीच्याने अर्धं खरं सांगितलं. केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः याच एस्टरचा (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणाऱ्या द्रव्याचा). पण एलआर म्हणजे प्रयोगशाळेत वापरायचा माल. खाण्याच्या प्रतीच्या मालात शिसं, आर्सेनिक असल्या गोष्टी तपासलेल्या असतात. हा त्या कसोटीला लावलेलाच नसतो. त्यात न बदललेलं आयसोअमाइल अल्कोहोल किंवा आम्ल उरलेलं असू शकतं.

आता हिशेब. चमचा ५ मिलीचा, घनता ०.८७६, म्हणजे जवळजवळ ४.४ ग्रॅम. एक लिटरला ४००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४००० भाग) वर. आइस्क्रीमसारख्या पदार्थात हे साधारण ५० पीपीएमच्या आसपास वापरतात, म्हणजे किलोला ५० मिलिग्रॅम. तुम्ही ऐंशीपट घातलंत. नेलपॉलिशचा वास का येणार नाही? ही सगळी सॉल्व्हंटची, म्हणजे रंग वगैरे विरघळवणाऱ्या द्रवांची भावकीच आहे.

निसर्गोपचार_घरच्याघरी
म्हणूनच म्हणते, केमिकल म्हणजे विष. लोकांच्या मुलांना हे खायला घालणार होतात?

रसायनकाका
ताई, पिकलेल्या केळ्यात हेच केमिकल झाडाने स्वतः तयार केलेलं असतं. सुरीने कापल्यावर येतो तो वास तुम्ही विष म्हणून हुंगता का? प्रश्न प्रमाणाचा आणि प्रतीचा आहे.

निसर्गोपचार_घरच्याघरी
झाडातलं वेगळं, कारखान्यातलं वेगळं. तुम्हाला नाही पटणार.

रसायनकाका
रेणू तोच. आम्ही बीएस्सीच्या पोरांकडून करून घ्यायचो: आयसोअमाइल अल्कोहोल, अ‍ॅसिटिक आम्ल, वरून थोडं सल्फ्युरिक, आणि तापवायचं. दुपारच्या तुकडीचं प्रॅक्टिकल झालं की खालच्या मजल्यावरचा शिपाई विचारायचा, ‘सर, आज केळी का?’ पण ते प्यायला मी कुणालाही दिलं नसतं, हे खरं.

फर्निचर_दुरुस्ती
हे उत्तम थिनर आहे बरं का. नायट्रोसेल्युलोज लॅकरला चालतं. जुन्या कपाटावर फवारायचं असेल तर सांगतो कसं पातळ करायचं.

ठाणेकर७२
त्यांना कुल्फी करायची आहे, कपाट नाही.

कुल्फीवाला_भो
थिनर म्हणालात म्हणून आठवलं. ज्या पारदर्शक प्लास्टिकच्या चमच्याने मोजलं तो बुळबुळीत झालाय, पांढुरका, आणि माझ्या अंगठ्याचा ठसा त्यात उमटलाय. मला वाटलं चमचाच भिकार.

आणि एक, मी व पुतण्याने अर्धा अर्धा चमचा कुल्फी चाखली. तो ९ वर्षांचा आहे. काही होईल का?

रसायनकाका
हे पहिल्या वाक्यात लिहायला हवं होतं! एवढ्याशा चवीने काही होण्याची शक्यता फार कमी, हे रसायन तीव्र विषारी नाही. चूळ भरायला लावा, पाणी द्या. उलटी, गुंगी, खोकला किंवा श्वासाला त्रास असं काही दिसलं तर बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. वाफेने डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. खिडक्या उघडल्यात का?

चमचा पॉलिस्टायरीनचा असणार, थर्माकोलचंच घट्ट भावंड. तो विरघळतो. मोजायला काच किंवा स्टील.

आणि गॅसवर ओतलंत? याचा फ्लॅश पॉइंट २५ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे तेवढ्या तापमानालाच वर पेट घेईल इतकी वाफ साठते. तुम्ही कुठे राहता?

कुल्फीवाला_भो
रावेर. आज ४३ आहे. पुतण्या बरा आहे, अंगणात खेळतोय.

ठाणेकर७२
रावेर!! अहो, केळ्यांच्या माहेरघरात बसून केळ्याचा वास बाटलीतून आणलात? दारात घड लटकत असतील!

कुल्फीवाला_भो
लटकतात ना भो. पण खरं केळं घातलं की कुल्फी काळी पडते आणि वासही बेताचाच येतो. पोरांना तो गोळीवाला वास पाहिजे.

मधपेटी_वाईकर
बाटली सांडू नका आणि सांडलेल्या कपड्यांनी शेतात जाऊ नका. चेष्टा नाही करत. मधमाशी डंख मारते तेव्हा नांगीपाशी हाच वास सुटतो, ‘इथे हल्ला करा’ असा बाकीच्यांना निरोप. १९६२ सालीच हे शोधून काढलंय. एखादी चावली की लगेच त्याच जागी दुसरी येते ती त्यामुळे. आम्ही सातेरी मधमाश्यांच्या पेट्या उघडायच्या दिवशी केळं खात नाही. आग्या मोहोळ जवळ असेल तर विचारूच नका.

शिकरणप्रेमी
म्हणजे केळं खाऊन रानात जायचं नाही?

मधपेटी_वाईकर
खाऊन जा, हात धुऊन जा. बाटलीचा वास केळ्याच्या कितीतरी पट जोरात असतो, धोका तिथे.

सुगरण_आजी
काळं पडू नये म्हणून उपाय ऐक. सालीवर काळे ठिपके आलेली केळी घे, सालीसकट पाच मिनिटं वाफव, सोलून घोट, लिंबाचे चार थेंब. दूध पूर्ण गार झाल्यावरच मिसळ, नाहीतर फाटेल. वाफवलं की काळेपणा थांबतो.

रसायनकाका
आजींचं बरोबर आहे, काळं करणारं एन्झाइम उष्णतेने निकामी होतं. वासासाठी खाण्याचा बनाना इसेन्स घ्या, परवाना क्रमांक छापलेला, बाटलीवरच्या प्रमाणात, आणि गार मिश्रणात. गरम दुधात अर्धा उडून जातो. शिवाय एक लवंग दुधात उकळून काढून टाका. केळ्यात लवंगेतलं युजेनॉलही असतं. नुसता एस्टर म्हणूनच गोळीसारखा एकसुरी वाटतो. पाकीटबंद विकणार असाल तर वेष्टनावर फ्लेवर घातल्याचं लिहावं लागतं.

कुल्फीवाला_भो
या बाटलीतलंच एक थेंब घातलं तर? ४९० मिली पडून आहे.

रसायनकाका
नाही.

ठाणेकर७२
नाही.

सुगरण_आजी
नाही म्हटलं ना.

फर्निचर_दुरुस्ती
मला विका. भुसावळला आहे मी, उद्या येऊन घेऊन जातो. तोवर बूच घट्ट लावून सावलीत ठेवा, चुलीपासून लांब.

कुल्फीवाला_भो
या. आजी, वाफवलेल्या केळ्याचा छोटा घाणा लावलाय. रंग पिवळसरच आहे, रात्री जमली की सांगतो. लवंग एक की दोन?

सुगरण_आजी
लिटरला एक. आणि शिकरणात साय घालतात, तो वाद मिटवा.