मांडोचे चार आवाज: एक फाइल की चार?

फोंड्याहून: मांडो, म्हणजे गोव्यातलं कोंकणी गाणं, लिलिपॉन्डमध्ये (टाइप केलेल्या मजकुरातून स्वरलिपी छापणारा प्रोग्रॅम) उतरवताना सोप्रानो, आल्टो, टेनर, बास यांच्या वेगळ्या फायली करून मग जोडत बसणं हा फुकटचा उद्योग आहे. एकाच फायलीत लिहा आणि छापा.

म्हापशाहून: हे वाचून गप्प बसवत नाही. चौघे टाइप करत असतील तर एका फायलीत कोणाची दुरुस्ती कोणी पुसली हेच कळत नाही. आवाज वेगळेच हवेत. फक्त ताल, स्वरपट्टी (की), सुरुवातीचा अपुरा बार (मात्रांचा एक खंड) आणि पुनरावृत्ती एका सामाईक फायलीत स्पेसर (न छापली जाणारी रिकामी जागा) घालून ठेवा. मांडो ६/४ मध्ये, म्हणजे बारला सहा मात्रा. पूर्ण बारची विश्रांती नुसती 'आर१' (R1, चार मात्रा) लिहिली की दोन मात्रा कमी पडतात, पुढे टिंब हवंच. प्रत्येक बारच्या शेवटी उभी रेघ असेल तर लिलिपॉन्ड ओळ क्रमांकासकट चूक दाखवतो. नसेल तर टेनर दोन मात्रा आधीच घुसतो आणि ते छापल्यावर दिसतं.

फोंड्याहून: रेघा एका फायलीतही घालता येतात. चारही आवाज बारखाली बार दिसले की सुरांचा मेळ डोळ्यांनी तपासता येतो. तुमच्या पद्धतीत तो कोण तपासणार?

मडगावहून: दोघेही मूळ घोळ सोडून बोलताय. बास एबीसीत (सूर अक्षरांत लिहायची दुसरी पद्धत) आला असेल तर डी मायनरमध्ये नुसता 'बी' हा फ्लॅट (अर्धा सूर खाली) असतो, कारण स्वरपट्टी आधीच सांगितलेली असते. लिलिपॉन्डमध्ये तोच 'बी' नॅचरल, म्हणजे न उतरवलेला. फ्लॅट हवा तर 'बेस' (bes) लिहावं लागतं. हाताने उतरवताना हे सुटलं की जी मायनरचा जी मेजर होतो. जोडण्याआधी सगळे आवाज एकाच भाषेत आणा.

साखळीहून: आणि शब्द? स्लरखालच्या (सूर जोडणारी कमान) सुरांना लिलिपॉन्ड एकच अक्षर देतो. एक स्लर राहिला की तिथून शेवटपर्यंत प्रत्येक अक्षर एक सूर आधी येतं. 'भक्ती' तर 'भक् -- ती' असंच तोडा (-- म्हणजे अक्षरांमधली तोड), उच्चार तसाच आहे.

मडगावहून: अजिबात नाही! लांब सुरावर गायक 'भ'चा स्वर धरतो, 'क्' पुढच्या सुराच्या तोंडाशी येतो. 'भ -- क्ती' लिहा. हलन्त दिसला की क्वायर (गायकवृंद) 'क्' आधीच तोडून टाकते.

म्हापशाहून: रोमी (रोमन लिपीतली) ओळ का देत नाही कोणी? अर्धी क्वायर तीच वाचते.

साखळीहून: द्या, पण तोड दोन्हीकडे एकच ठेवा. रोमीत 'मन' एका सुरावर बसतं. देवनागरी टाइप करणारा 'म -- न' करतो आणि त्याची ओळ घसरते. लिपीवरून भांडण्याआधी दोन्ही ओळींतली अक्षरं मोजा.

फोंड्याहून: शब्दांपुरती वेगळी फाइल मान्य. सुरांपुरती नाही.

म्हापशाहून: मग निदान प्रत्येक आवाज एकटा चालवून बारसंख्या जुळते का ते बघा. पुनरावृत्तीचा दुसरा शेवट आल्टोत राहून जातो, हे तिथेच कळतं.