शेठच्या इस्टेटीची शरियतप्रमाणे वाटणी – आकडे जुळेनात, कुणी समजावेल का?

हिशेबनीस_एमआयडीसी
अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. शेठ मागच्या महिन्यात वारले. मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलं, एक मुलगी. यांच्याशिवाय थोरला मुलगा होता, तो शेठच्या आधीच वारला, त्याचा पोरगा आठवीत आहे. मृत्युपत्र नाही. मौलाना सांगून गेले, आधी देणी आणि शेठच्या बायकोची मेहर (निकाहात ठरलेली, नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), मग वाटणी. मौलाना म्हणतील तो कायदा, की कोर्ट म्हणेल तो?

वकीलबाई_विजापूरवेस
मौलाना बरोबर बोलले. कफन-दफनाचा खर्च, मग देणी, आणि न दिलेली मेहर हेही देणंच. त्यानंतर मृत्युपत्र असतं तर तेवढं, आणि उरलेलं वारसांना.

मौलानांचा शब्द हुकूम नाही. फतवा हे जाणकाराचं मत, ते कुणावर बंधनकारक नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये स्पष्ट केलंय. कोर्ट मुसलमानांचा वारसा, निकाह, मेहर, हिबा (बक्षीस देणं) यांत शरियत लावतं ते 1937 च्या कायद्यामुळे. त्याच्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. शेठची शेती असेल तर त्याचं वेगळं बोलू. फौजदारीत मात्र सगळ्यांना एकच न्याय संहिता. शरियत म्हटलं की टीव्हीवाल्यांना तलाक आणि फटके आठवतात. माझ्या टेबलावर येतात ते सिटी सर्व्हेचे उतारे.

नमाज, रोजा, जकात (धर्माने ठरवलेलं दान) हेही शरियतच, पण त्यासाठी कोर्टाची पायरी लागत नाही. शेठ रमजानच्या आसपास तुमच्याकडून शिल्लक मालाचा आकडा मागत असतील, तो जकातीसाठी. विक्रीच्या मालावर आणि रोकडीवर अडीच टक्के, लूमवर, म्हणजे मागावर, नाही.

आता आकडे. सगळ्याचे 120 भाग करा. बायकोला आठवा हिस्सा म्हणजे 15. आईला सहावा म्हणजे 20. उरले 85, त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट: मुलीला 17, दोन्ही मुलांना 34-34. बँकेत नॉमिनी कुणीही असो, पैसे सगळ्या वारसांचे.

आणि एक. त्या मुलीचे 17 कागदावर राहतील याकडे लक्ष ठेवा. कुराणात सूरह निसामध्ये तिचा हिस्सा ठरवून दिलाय, तरी मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत भाऊ हक्कसोडपत्र तयार ठेवतात. 'माहेर तुटू नये' म्हणून बहीण सही करते. नमाज चुकली तर हळहळणारी माणसं इथे खुशाल गप्प बसतात. अर्धाच हिस्सा का, हा वाद जरूर घाला, मीही घालते, पण आधी तो अर्धा तरी तिच्या हातात पडू द्या.

रत्नागिरीकर
आम्ही कोकणी मुसलमान शाफई, तुमच्याकडचे बहुतेक हनफी, म्हणजे शरियतचा अर्थ लावणाऱ्या दोन वेगळ्या परंपरांचे. ह्या कुटुंबाचे हिस्से आमच्याकडेही हेच निघतील. फरक इतर बाबतीत जास्त. कोळंबी चालते का, यावर हनफी उलेमांत मतभेद आहेत. आमच्याकडे तो प्रश्नच नाही. 😄

हिशेबनीस_एमआयडीसी
मॅडम, आकडे जुळले. पण आठवीतल्या पोराचं काय? त्याच्या बापाने याच शेडमध्ये रात्रपाळ्या काढल्या.

वकीलबाई_विजापूरवेस
हयात मुलगे असताना नातवाला वारसा नाही. मला हे कडू वाटतं, आणि पाकिस्तानने 1961 मध्ये कायदा करून ते बदललं. आपल्याकडे बदललेलं नाही. आजोबांना मात्र मार्ग होता. वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत मृत्युपत्राने देता येतं, किंवा जिवंतपणी हिबा करता येतो: देतो म्हणायचं, समोरच्याने घ्यायचं आणि ताबा सोडायचा. शेठनी दोन्ही केलं नाही.

आता चुलत्यांच्या आणि आत्याच्या खुशीवर आहे. द्यायचं ठरलं तर हक्कसोडपत्र करू नका. ते सहहिस्सेदाराच्या लाभात असतं आणि पोरगा हिस्सेदारच नाही. आधी वारसांची नावं लावून घ्या, मग त्याच्या नावे बक्षीसपत्र. हिब्याला नोंदणीची सक्ती नाही, तरी नोंदवाच. तो अल्पवयीन आहे, त्यामुळे बाप नसताना त्याच्या वतीने ताबा कोण घेणार हे कागदात नीट लिहावं लागेल. दस्त करण्याआधी मसुदा कुणा दिवाणी वकिलाला दाखवा.